तुतीचा हयातीचा दाखला

माणूस जिवंत आहे की नाही हे ओळखण्यात हयातसाहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्तिवेतन कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी तेच एक काम केलं होतं. वर्षातून एकदा म्हातारी माणसं त्यांच्या टेबलापुढे येऊन उभी राहत. साहेब चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत, नाव विचारत, सही घेत आणि दाखल्यावर शिक्का उमटवत: हयात. लोक त्यांचं खरं नाव विसरले आणि हेच चिकटलं. एकतीस वर्षांत त्यांच्या सहीनं एकही जिवंत माणूस मेला नाही आणि एकही मेलेला माणूस जगला नाही. निरोपसमारंभात हे वाक्य त्यांनी स्वतःच म्हटलं, कारण बराच वेळ वाट पाहूनही दुसरं कोणी म्हणेना.

त्यामुळे परसातली तुती मेली आहे की काय असा प्रश्न निघाला, तेव्हा साहेबांना तो प्रश्न वाटलाच नाही. त्यांना ते जेवणाआधी उरकायचं काम वाटलं.

प्रश्न काढला शेजारच्या ड्रिलमास्तरांनी. तेही निवृत्तच, पण आवाज अजून नोकरीत होता. समोर एक माणूस असला तरी ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोरांशी बोलावं तसे बोलत. एका सकाळी कुंपणाच्या भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं.

"साहेब! तुमची तुती वठली!"

साहेबांनी वर पाहिलं. थंडी सरून पंधरा दिवस झाले होते. गल्लीतल्या बाकी सगळ्या झाडांना पालवी आली होती. तुती मात्र काटक्यांची काटक्याच उभी होती, आणि तिची एक जाड फांदी मास्तरांच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर आडवी गेली होती.

"मी खाली अंघोळ करत असताना फांदी पडली तर?" मास्तर म्हणाले. "वठलेलं झाड पडलं तर जबाबदार कोण? मालक! कायदा आहे!"

अंघोळ करणाऱ्या मास्तरांची काळजी साहेबांना फारशी वाटली नाही. पण 'जबाबदार' हा शब्द त्यांना लागला. ते आत गेले आणि बायकोला म्हणाले, "अगं, तुती मेलीय म्हणतात."

बायको तीस वर्षं मोठ्या इस्पितळात वॉर्डसिस्टर होती. सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणे. तिनं भाजी चिरता चिरता खिडकीतून एकदा झाडाकडे पाहिलं.

"तुती उशिरा उठते. थांबा थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"ती उठेपर्यंत."

ही मुदत साहेबांच्या कुठल्याच नियमात बसत नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सिस्टर ती स्वतः कधी सांगत नसे. दोघं या घरात राहायला आले तेव्हा तिनं माहेरच्या तुतीची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती आणि परसात खोचली होती. पुढे माहेरचं घर विकलं गेलं आणि तिथली तुतीही गेली. ही तेवढी राहिली. तीस वर्षं वॉर्डातून आली की सिस्टर चहाचा कप घेऊन तिच्याखाली अर्धा तास बसायची. त्या अर्ध्या तासात कोणी तिच्याशी बोलायचं नाही असा घरात अलिखित नियम होता, आणि साहेब लिखित नियमांपेक्षा तो जास्त पाळत. इतकं असूनही तुती कोणाची हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. घर त्यांच्या नावावर होतं, म्हणून तुतीही त्यांचीच.

तर तपासणी सुरू झाली. ड्रिलमास्तरांनी एक डहाळी वाकवून पाहिली. ती कट्‌कन मोडली. "मेली!" मास्तरांनी जाहीर केलं. साहेबांनी दुसरी डहाळी वाकवली. ती नुसती वाकली आणि सोडल्यावर त्यांच्या गालावर बसली. एकास एक अशी बरोबरी झाली. मग समोरचे विमेवाले आले. त्यांचा आयुष्यभराचा धंदा मरणाचाच असल्यामुळे या विषयात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी बुंध्याला प्रदक्षिणा घातली, मुळाशी अळंबी आहेत का पाहिलं, खोडावर टिचक्या मारून कान लावला आणि म्हणाले, "हे सगळं वरवरचं. खरी परीक्षा एकच. साल थोडी खरवडायची. आत हिरवं निघालं तर झाड जिवंत. कोरडं, तपकिरी निघालं तर आटोपलं."

परीक्षा अगदी खरी आहे, आणि कोवळ्या डहाळीवर करायची असते. पण विमेवाल्यांनी तेवढं सांगितलं नाही. कदाचित त्यांना ते माहीतच नसावं.

साहेब दुसऱ्याच दिवशी उद्यान विभागाच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. घरचं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला बाहेर उभं राहणं फार जड जातं. आतला कारकून चहा पीत होता. साहेब मनातल्या मनात त्याच्या बसण्याला, चहाला आणि उलट्या धरलेल्या पेनाला गुण देत राहिले. कशालाच पास करता येईना.

शेवटी अर्ज मिळाला. त्यात एक रकाना होता: 'वृक्ष जिवंत / मृत (नको ते खोडावे). मृत असल्यास मृत्यूचा दिनांक.' खाली बारीक अक्षरात नियम होते. सालीची परीक्षा मुख्य खोडावर, छातीच्या उंचीवर करावी. अर्जदार व तीन प्रतिष्ठित साक्षीदार यांनी ती वेगवेगळी करावी. सात दिवसांपूर्वीची परीक्षा ग्राह्य धरली जाणार नाही.

"कोणाच्या छातीच्या उंचीवर?" साहेबांनी विचारलं.

कारकुनानं पहिल्यांदाच वर पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"अर्जदाराच्या," तो विचार करून म्हणाला.

साहेब समाधानानं घरी आले. त्यांना त्या कारकुनात थोडा जीव दिसला.

आता साहेबांच्या कामाची एक पद्धत होती आणि पुढचं सगळं त्या पद्धतीमुळे घडलं. नोंदवहीत दोन नोंदींच्या मध्ये कोरी जागा सोडायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. कोऱ्या जागेत उद्या कोणीही काहीही घुसडतो. नोकरीत त्यांनी दोन कनिष्ठांना केवळ एक ओळ रिकामी सोडली म्हणून रडवलं होतं. त्यांनी छातीच्या उंचीवर तुतीच्या खोडाभोवती सुतळी बांधली, गाठ मारली आणि सुतळीला धरून पहिली परीक्षा केली. काडेपेटीएवढा चौकोन. साल जाड होती, नखाला दाद देईना, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली सोलाणी आणली. खरवडता खरवडता ती पार लाकडापर्यंत गेली. उघड्या लाकडावर त्यांनी पेन्सिलनं लिहिलं: 'क्र. १', आणि खाली तारीख.

रंगाबद्दल मात्र एकमत होईना. साहेबांना तो हिरवट वाटला. ड्रिलमास्तरांनी साहेबांच्या चौकोनाला खेटून आपला चौकोन खरवडला आणि निकाल दिला, "खाकी!" विमेवाल्यांनी मास्तरांच्या चौकोनाला खेटून खरवडलं. त्यांना तो 'तपकिरीकडे झुकणारा' दिसला. तिसरा साक्षीदार कोपऱ्यावरचा औषधवाला. तो म्हणाला, "मला रंग ओळखता येत नाहीत. पण तुम्ही म्हणाल तिथे सही करतो." त्याचाही चौकोन झाला, कारण नियमात सहीबरोबर परीक्षा होती.

साहेबांनी 'जिवंत' हा शब्द खोडला. खोडताना पेन क्षणभर थांबलं. पण तीनपैकी दोन साक्षी मरणाच्या बाजूच्या होत्या आणि तिसरी कोणत्याही बाजूला जायला तयार होती. मृत्यूच्या दिनांकाच्या जागी त्यांनी एक तारीख घातली आणि पुढे 'अंदाजे' असं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हा शब्द सरकारी कागदावर वापरला.

वृक्षनिरीक्षक नवव्या दिवशी आले. सातव्या दिवशी आले असते तर पुढचं बरंच टळलं असतं. साक्षी शिळ्या झाल्या होत्या, त्या ताज्या कराव्या लागल्या. चार नवे चौकोन झाले. निरीक्षकांचा चाकू मोठा, त्यांचा चौकोन पोस्टकार्डाएवढा. "संशयास्पद," ते म्हणाले आणि वरिष्ठांचं मत मागवलं. वरिष्ठ आले, त्यांनी आपला चौकोन केला, आणि निरीक्षकांचं मत संशयास्पद असल्याचा शेरा मारला. मग निरीक्षकांची बदली झाली. नवे निरीक्षक म्हणाले, "जुन्यांच्या परीक्षेवर मी सही कशी करू?" आणि त्यांचं बरोबरच होतं. साहेबही त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. अडवणूक होतेय याचा त्यांना त्रास झाला, पण ती नियमानं होतेय याचा अभिमानही वाटला.

प्रत्येक वेळी साहेब सुतळी नीट सरळ करत, पाहुण्याला शेवटच्या नोंदीच्या शेजारची जागा दाखवत आणि म्हणत, "इथे. मध्ये जागा नको." मोकळ्या वेळात ते चौकोनांच्या कडा सोलाणीनं सारख्या करत.

एकदा सिस्टर कपडे वाळत घालायला आली आणि खोडाशी थांबली.

"हे काय?"

"नोंदी."

तिनं एका चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. "दुखत असेल तिला."

"अगं, मेलेल्याला काय दुखणार?"

"मेलीय हे ठरलं का?"

"तेच तर ठरवतोय."

सिस्टरनं ओला टॉवेल दोरीवर झटकला. त्याचे शिंतोडे साहेबांच्या चष्म्यावर उडाले. ते मुद्दाम उडवले होते की काय, हे त्यांना ठरवता आलं नाही.

एकोणिसावी नोंद नव्या निरीक्षकांची. ती फेरी पुरी करत पहिल्या नोंदीच्या अगदी जवळ जाऊन पोचली. सालीचा दोन बोटांचा एक पट्टा मध्ये उरला होता, तो निरीक्षक गेल्यावर साहेबांनी स्वतः सोलाणीनं साफ केला. मग ते दोन पावलं मागे सरले. खोडाभोवती पांढऱ्या लाकडाचं अखंड कडं झालं होतं. नीट, सलग, तारीखवार. पान भरल्यावर त्यांना नोकरीत जसं वाटायचं तसंच वाटलं. संध्याकाळी त्यांना भूकही चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर नर्सरीवाल्या मावशींना घेऊन आली. मावशी साठीच्या पुढच्या, हाताच्या रेघांत माती बसलेली. सिस्टरनं त्यांना काही सांगितलं नव्हतं, नुसतं बघून जा म्हणाली होती. मावशींनी आधी वर पाहिलं.

"कोंब धरलेत की. चार-आठ दिवसांत फुटेल. यंदा थंडी लांबली, तुती कशाला घाई करेल?"

साहेबांनीही वर पाहिलं. प्रत्येक डहाळीवर तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं काहीतरी बसलं होतं. दोन महिने ते या झाडापाशी रोज उभे होते, पण छातीच्या वर त्यांची नजर गेली नव्हती.

मग मावशींची नजर खाली आली. त्या खोडाभोवती सावकाश फिरल्या. तारखा वाचल्या. पूर्ण फेरी करून पुन्हा पहिल्या नोंदीपाशी आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"हे कोणी केलं?"

भिंतीपलीकडे ड्रिलमास्तर उभे होते. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

"परीक्षा होती," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे."

"साहेब, झाड सालीतून जेवतं. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांना जातं. तुम्ही सगळीकडून वाट तोडलीत. दोन बोटं साल जरी राहिली असती तरी निभावलं असतं. झाड मेलं नव्हतं. आता मरायला लागलंय. वर अजून बातमी पोचली नाही, म्हणून कोंब फुटतायत."

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. दोन बोटं साल त्यांनी कालच काढली होती. ते सांगावं की नाही हा प्रश्न त्यांना पडला, आणि त्यांनी सांगून टाकलं. खोटी नोंद त्यांनी कधी केली नव्हती.

सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. वॉर्डात रोग्याला आणायला उशीर केलेल्या नातेवाइकांकडे बघतात तसं पाहिलं आणि ती आत गेली. साहेब परसात उभेच राहिले. आपण एकतीस वर्षं जे केलं ते केवळ माणसं समोर स्वतःच्या पायांनी चालत येत म्हणून जमलं, असं त्यांना वाटून गेलं, आणि त्यांना फार लाज वाटली.

"काही करता येईल का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"साकव घालून बघता येईल," मावशी म्हणाल्या. "हिच्याच डहाळ्या कापायच्या, खालच्या सालीत एक टोक, वरच्या सालीत दुसरं. ओढ्यावर टाकतो तसे. त्यातले चार जरी लागले तरी वाट सुरू होईल. लागतील असं मी म्हणत नाही."

सिस्टर बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पट्ट्यांची जुनी पेटी होती. दोघींनी मिळून चौदा साकव घातले. मावशी काप देत, सिस्टर डहाळी अचूक बसवे आणि पट्टी बांधे. तिचे हात इतके शांत चालत होते की साहेब बघतच राहिले. त्यांना कात्री धरायचं काम दिलं होतं. मागितली की द्यायची, एवढंच. ते त्यांनी चोख केलं. पण "कात्री" या शब्दापलीकडे सिस्टर त्यांच्याशी काही बोलली नाही.

जाताना मावशींनी साहेबांना समोर उभं केलं. "दोन महिने हात लावायचा नाही. पट्टी सोडून बघायचं नाही. नख लावायचं नाही. लागलंय का, जगलंय का, काही तपासायचं नाही."

इतकी कडक शिक्षा साहेबांना कोणी कधी दिली नव्हती. पहिल्या रात्रीच त्यांच्या बोटांना खाज सुटली. दुसऱ्या दिवशी ते झाडाकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी सोलाणी त्यांनी स्वतः होऊन सिस्टरच्या हातात दिली. तिनं ती घेतली आणि कुठेतरी ठेवली. कुठे ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. जेवायला दोघं समोरासमोर बसत. भांड्यांचे आवाज तेवढे होत. ड्रिलमास्तर भिंतीवरून हळू आवाजात "काय म्हणतेय?" विचारत. त्यांचा हळू आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई.

बाराव्या दिवशी फाटकाशी गाडी थांबली. नवे निरीक्षक, दोन करवतवाले आणि एक दोरखंड. निरीक्षकांच्या हातात परवानगीचा कागद होता आणि चेहऱ्यावर काम पूर्ण केल्याचा आनंद.

"तुमचा अर्ज मंजूर झाला, साहेब. एकोणीस परीक्षा! असं परिपूर्ण प्रकरण आमच्या विभागात आजवर आलं नाही. वरिष्ठांनी खास शेरा दिलाय."

साहेब फाटकाशी आडवे उभे राहिले. एवढं कौतुक त्यांना नोकरीत एकदाही मिळालं नव्हतं.

"झाड तोडायचं नाही," ते म्हणाले.

"पण अर्ज तुमचा आहे."

"तो चुकीचा आहे."

निरीक्षकांना वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. त्यांनी नंबर तपासला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, मंजूर अर्ज मागे घ्यायचा तर लेखी लागतं. झाड जिवंत आहे असं लिहून द्या, आम्ही जातो."

"तसं मला लिहिता येणार नाही."

"म्हणजे मेलंय?"

"तेही लिहिता येणार नाही."

करवतवाल्यांनी करवत भिंतीला टेकवून ठेवली आणि पायरीवर बसून घेतलं. हे लवकर संपणारं नाही हे त्यांना कळलं. आवाज ऐकून सिस्टर पदराला हात पुसत दाराशी आली आणि तिथेच थांबली.

"मग नक्की काय लिहिणार?" निरीक्षकांनी विचारलं.

साहेबांनी कागद मागितला. फाटकाच्या खांबावर ठेवून, उभ्यानंच, सरळ ओळीत लिहायला लागले. 'मी सही केली तेव्हा हे झाड जिवंत होतं. मृत्यूच्या दिनांकाची नोंद खोटी आहे. झाडाची साल परीक्षेसाठी मी सोलली आणि शेवटची दोन बोटं कोणी न सांगता माझ्या हातानं काढली. आता ते जगेल की मरेल हे मला माहीत नाही आणि ते तपासण्याचा माझा विचार नाही. ते कळेपर्यंत थांबावं ही विनंती.' त्यांनी एकही अक्षर गाळलं नाही. खाली त्यांनी पूर्ण सही केली.

निरीक्षकांनी कागद दोनदा वाचला. "तुमच्याच विरुद्ध आहे हे."

"हो."

"थांबायचं तर किती दिवस, ते लिहिलं नाही."

"ती उठेपर्यंत," साहेब म्हणाले.

सिस्टर पायऱ्या उतरून आली. तिनं निरीक्षकांच्या हातातून कागद घेतला, वॉर्डातला तक्ता वाचावा तसा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि पेन मागितलं. साहेबांच्या सहीशेजारी तिनं आपली सही केली.

"बाई, एकच सही लागते," निरीक्षक म्हणाले. "मालकाची."

"मग यांची खोडा," सिस्टर म्हणाली. "झाड माझं आहे."

निरीक्षकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे तिचं. आधीच विचारायला हवं होतं मी." आणि त्यांनी स्वतःच पेन घेतलं, आपल्या सहीवर टेकवलं.

सिस्टरनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. बारा दिवसांनी ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली.

"राहू द्या," ती म्हणाली. "दोघांची राहू द्या."

निरीक्षकांनी कागद घडी करून खिशात घातला आणि करवतवाल्यांना उठायला सांगितलं. गाडी गेल्यावर सिस्टर आत गेली आणि चहाचे दोन कप घेऊन तुतीखाली आली. साहेब तिच्या शेजारी बसले. अर्धा तास दोघांपैकी कोणी काही बोललं नाही, आणि साहेबांनी एकदाही मागे वळून खोडाकडे पाहिलं नाही.